दोन मिलिमीटर

कायतानने चाक उतरवलं, टॉर्च धरला,
मला वाकायला लावलं.
"पळय बाय, दोनूच मिलिमीटर उरल्यात."
नवा असतो तेव्हा दहाचा.
म्हणजे आठ मिलिमीटर मी
फोंडा ते वेर्णा, वेर्णा ते फोंडा
रस्त्यावर सांडून आले चार वर्षांत
आणि कुणी मागून हाक मारून सांगितलं नाही
की बाई, तुमचं काहीतरी पडलं.

कुठे कुठे गेले असतील?
थोडे बोरीच्या उतारावर, पुलाआधी,
जिथे सगळेच जरा जास्त विश्वासाने सुटतात.
थोडे लोटलीच्या वळणावर,
पोदेर भोंपू वाजवत सायकलवरून आडवा आला
त्या पहाटे.
केसभर त्या काळ्या पाटीच्या भाड्याच्या गाडीपायी,
समुद्र कुठल्या बाजूला, हे विचारायला
जी भर रस्त्यात थांबली.
आणि एक म्हैस.
म्हशीचा वाटा मोठा असणार.

न घडलेल्या गोष्टींची कुठे नोंद नसते.
असलीच तर ही, काळी भुकटी,
चाकाच्या आतल्या बाजूला.

फळीवर तीन खोकी.
पहिलं कंपनीचं; किंमत ऐकून मी चष्मा पुसला.
दुसरं सिरॅमिक: आवाज नाही, धूळ नाही,
चाकं म्हणे लख्ख राहतात.
आमच्या दारासमोरच्या तांबड्या मातीत
लख्ख चाकांचं मी करू काय?
तिसरं निम्म्या किमतीचं,
खोक्यावर उधळलेला घोडा.
ब्रेकच्या खोक्यावर घोडा का,
ते कायतानलाही माहीत नव्हतं.

मी औषधांच्या कारखान्यात गोळ्या तपासते.
किती कठीण, किती ठिसूळ, किती मिनिटांत विरघळते.
सवयीने पॅडवर नख ओढलं, वास घेतला.
"बाय, तें खावपाचें न्हय," कायतान म्हणाला.

पप्पा बाहेर जुन्या टायरवर बसले होते.
मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना मडगावला न्यायचं,
चार तास मशीनला जोडून ठेवतात.
बत्तीस वर्षं त्यांनी खनिजाचा ट्रक चालवला,
कोडलीच्या खाणीवरून धक्क्यापर्यंत.
आता माझ्या डावीकडे बसतात, हात मांडीवर,
आणि प्रत्येक वळणाला उजवा पाय दाबतात.
तिथे काही नाही. रबरी मॅट आहे,
टाचेखाली कागदाइतकी पातळ झालेली.
"हांगाय ब्रेक आसा?" कायतानने विचारलं होतं.
आम्ही दोघांनीही ऐकू न आल्यासारखं केलं.

ते उठून आले. भाव विचारला नाही.
एकेक पॅड उलटा करून
कडेची पत्र्याची बारीक पट्टी शोधली.
"ही बघ. पॅड संपत आला
की ही डिस्कला घासते, किंचाळते.
घोड्याला ती नाही.
गप्प राहून संपणारं घेऊ नकोस."

हे सांगणारा माणूस
पायाची सूज सहा महिने
मोज्यांत लपवून हिंडत होता.
मे महिन्यात. लोकरीच्या मोज्यांत.

मी काही बोलले नाही.
कंपनीचं घेतलं, पैसे दोन हप्त्यांत.
कायतानने हात पुसत बजावलं:
पयले तीनशें किलोमीटर सवकास.
डिस्क जुनी, पॅड नवा,
एकमेकांचा अंदाज यायला हवा.
जुने पॅड पप्पांनी पेपरात गुंडाळून मागून घेतले.
कशाला, ते सांगितलं नाही.

नुवेला पुढ्यात बस थांबली.
मी अलगद पाय टेकवला. गाडी थांबली,
थोडी उशिरा, थोडी अनोळखी.
डावीकडे मॅटवर टाच दाबली गेली, मग सुटली.
मग पप्पा वाकले
आणि मी न विचारता
मोजा घोट्याखाली ओढला.
"आज जरा जास्त आहे," म्हणाले,
बसच्या मागच्या काचेकडे बघत.